सतरा सेकंद

हातोडी हे नाव तिला एका बातमीदाराने दिलं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि तिचा उजवा ठोसा खरोखरच खिळा ठोकल्यासारखा बसायचा. आता तिला अडतिसावं सरत आलं होतं. ठोसा अजून तसाच होता. बॉक्सरच्या अंगातून ताकद सगळ्यात शेवटी जाते. त्याआधी बाकीचं एकेक जातं, आणि जाताना निरोपसुद्धा घेत नाही. सकाळी बोटं अशी आखडलेली असायची की बरणीचं झाकण उघडायला आईकडे द्यावं लागायचं. पूर्वी दहा मिनिटांत अंग तापायचं, आता पाऊण तास दोरीवर उड्या मारल्या तरी गुडघे कुरकुरायचे. डोळ्याखालचा काळा डाग तीन दिवसांत जायचा, तो आता पंधरा-पंधरा दिवस हलायचं नाव घ्यायचा नाही. पण खरी गोष्ट होती नजरेची. पूर्वी समोरचीचा खांदा हलला की तिला येणारा ठोसा कळायचा. आता कळायचा तो ग्लव्ह निघाल्यावर. मधला तो वेळ कुठल्याही डॉक्टरच्या तपासणीत सापडत नाही. ज्याचा त्याला माहीत असतो.

तिला माहीत होता. दीड वर्षापूर्वी लागोपाठ दुसरी लढत हरल्यावर, हातांवरच्या पट्ट्या कापून घेता घेता ती भावाला म्हणाली होती, "दादा, बस झालं आता. अंगात नाही राहिलं."

दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि तिचा प्रशिक्षक. तो स्वतः थोडंफार खेळला, पंचविशीत खांदा निकामी झाला, आणि त्यानंतर त्याने सगळा जीव तिच्यात ओतला. मूठ कशी वळायची हे तिला बाराव्या वर्षी त्यानेच शिकवलं होतं. अंगठा आत ठेवलास तर तुझाच मोडेल, छोटी. तेव्हापासून तिच्या प्रत्येक लढतीत कोपऱ्यात तोच उभा असायचा. टायरच्या दुकानावरच्या लांबट हॉलमध्ये त्याची व्यायामशाळा होती: तीन लटकत्या बॅगा, दोऱ्यांना निळी टेप गुंडाळलेली एक रिंग, आणि भिंतीवर लाल आकड्यांचं बेलचं यंत्र, कितवी राऊंड आणि सुरुवातीपासून किती मिनिटं झाली एवढंच दाखवणारं.

त्या दिवशी त्याने उरलेल्या पट्ट्या कापून टोपलीत टाकल्या. तिने पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची नोकरी धरली. सकाळी सहा ते दुपारी दोन, गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच. मुलं तिला घाबरायची आणि तिच्याच मागेमागे फिरायची. घरी ती आणि आई, दोघीच. बरं चाललं होतं.

मग एका दुपारी दादा तलावावर आला आणि काठावर येऊन बसला.

"एक लढत आलीय. आठ राऊंडची."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

ती हसली. "कुणाशी? माझ्या गुडघ्यांशी?"

"त्या डावखुरीशी."

डावखुरीला सगळेच ओळखत होते. चोवीस वर्षांची, नऊ लढती, नऊ विजय. डाव्या हाताने खेळणाऱ्या मुलीशी लढणं म्हणजे आरशातल्या माणसाशी लढणं, सगळंच उलटं.

"दादा, मी पहिल्यांदा रिंगमध्ये उतरले तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते."

"वय वय काय घेऊन बसलीस? दोन हरलीस त्या डोक्याने हरलीस, अंगाने नाही. चार महिने दे मला. रोज संध्याकाळी ये. घड्याळ काही खोटं बोलत नाही ना? चौथ्या महिन्यात आठ राऊंड झेपल्या नाहीत तर मी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगतो. तुझे ग्लव्ह्ज माझ्या हाताने खिळ्याला टांगतो."

ती दोन दिवस नाही नाही म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीत ग्लव्ह्ज टाकून टायरच्या दुकानावरचा जिना चढली. हा जिना आपल्याला किती आठवत होता, हे तिला तो चढतानाच कळलं.

पहिल्या आठवड्यात चौथ्या राऊंडनंतर तिने बादलीत उलटी केली. दोन-दोन मिनिटांच्या राऊंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. दादा म्हणाला, "होतं असं. गंज चढलाय नुसता." आणि खरंच, गंज उतरायला लागला. दीड महिन्याने ती पाच राऊंड करायला लागली. अडीच महिन्यांनी सात. तिसरा महिना संपता संपता ती आठव्या राऊंडनंतर स्टुलावर बसून चक्क बोलत होती, दम लागलेला, पण शब्द तुटत नव्हते. दादा भिंतीकडे बोट दाखवायचा. "बघ. घड्याळ बघ, माझ्यावर विश्वास नको ठेवूस."

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तलावावर ती इतर शिक्षकांशी पोहण्याची शर्यत लावायला लागली. घरी भांडी घासताना गुणगुणायला लागली. आई म्हणाली, "काय गं, कुणी भेटलंय की काय?"

"हो आई," ती म्हणाली. "मीच."

सरावाला तिच्यासमोर टिटवी असायची. एकोणीस वर्षांची, लांब काड्यांसारखे पाय आणि कान किटवणारा आवाज, म्हणून टिटवी. दादा तिला सकाळी तयार करायचा. संध्याकाळी ती हातोडीशी खेळायला यायची. हात चलाख होते पोरीचे. पण तिच्यासमोर कुणी उभंच राहायला तयार नव्हतं, चार महिन्यांपूर्वीपर्यंत तिला एकही लढत मिळत नव्हती. आता मिळाली होती. हातोडीच्या लढतीच्याच संध्याकाळी, त्याच रिंगमध्ये, सगळ्यात पहिली.

"ताई, तुमच्याबरोबर माझं नाव एकाच पोस्टरवर," ती किंचाळली होती, आणि हातोडीने तिच्या डोक्यात हलकेच टपली मारली होती.

लढतीच्या संध्याकाळी टिटवीच्या हातांवर पट्ट्या हातोडीनेच बांधल्या. टिटवी चारही राऊंड जिंकली आणि नाचत खोलीत आली. दादाने तिला उचलून गोल फिरवलं. मग हातोडीची पाळी आली.

पहिली राऊंड छान गेली. डावखुरी वेगवान होती, पण हावरी होती, आणि हावऱ्या माणसाला थोपवून धरायला वेग लागत नाही, अनुभव लागतो. हातोडी तिला अडवत, बिलगत, वळवत राहिली. वय झालेल्या बॉक्सरकडे एक हुकमी युक्ती असते: राऊंडभर श्वास वाचवायचा आणि शेवटच्या वीस सेकंदांत सगळा खर्च करून टाकायचा. पंचांच्या लक्षात शेवटचंच राहतं. बेल कधी होणार हे तिला घड्याळ न बघता कळायचं. अठरा वर्षांत दोन मिनिटं तिच्या हाडांत मुरली होती.

तर दुसऱ्या राऊंडला तिने तसंच केलं. वेळ आली असं अंगाने सांगितलं, तशी ती सुटली. उजवा, डावा पोटात, परत उजवा. डावखुरी मागे गेली. लोक उठून उभे राहिले. आता बेल, असं म्हणून हातोडीने हात थोडे खाली घेतले.

बेल झाली नाही.

तिने सगळं उधळून टाकलं होतं आणि समोर चोवीस वर्षांची पोर ताजीतवानी उभी होती. एक डावा कानावर बसला, दुसरा हनुवटीवर. कितीतरी वेळाने बेल वाजली.

"दादा, बेल उशिरा झाली का?"

दादाने तिच्या भुवईला व्हॅसलीन लावलं. "हात वर ठेव."

ती नीट टेकतेय न टेकतेय तोच पंचाने खूण केली, स्टूल काढा. "एवढ्यात?" ती म्हणाली. दादाने बाटली तिच्या तोंडातून ओढून घेतली.

तिसऱ्या राऊंडलाही तेच, चौथ्यालाही तेच. तिला वाटलं, माझ्या डोक्यातलं काहीतरी बिघडलंय. प्रत्येक वेळी अंग सांगायचं, आता सुट. ती सुटायची, आणि मग तिच्या हातात काहीही नसताना एक लांबलचक गल्ली उरायची, जिच्यातून तिला मार खात चालत जावं लागायचं. पाचव्या राऊंडनंतर तिने दादाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे, रिंगच्या मधोमध कुठेतरी बघत होता.

सहाव्या राऊंडला भुवईवरची जुनी जखम उघडली. डोळ्यात रक्त उतरलं. ती बिलगायला पुढे झुकली आणि डावा हात तिला दिसलाच नाही, खांदाही नाही, ग्लव्हही नाही. ती गुडघ्यांवर होती आणि पंच आकडे मोजत होता. सातला ती उठली. पंचाने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोन्ही हात हलवले. संपलं.

खोलीत डॉक्टर टाके घालत होते. सात टाके. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर लढतींचा आयोजक दादाचा हात हातात घेऊन म्हणत होता, "तुम्ही शब्द पाळलात. तुमच्या पोरीची पुढची लढतही माझ्याकडेच." तिने ते ऐकलं. पण डोकं अजून भणभणत होतं, त्यामुळे ऐकलेलं तसंच पडून राहिलं.

डॉक्टरांनी तीन महिने रिंगचं तोंड बघायला मनाई केली. चौथ्या दिवशी टिटवी फळांची पिशवी घेऊन घरी आली. पिशवीतली फळं एकेक करून ताटात मांडली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही दर राऊंडला एवढ्या आधी का सुटत होता? बेलला तर वेळ होता."

"मला वाटत होतं, आता होतेच आहे बेल."

"मलाही संध्याकाळी असंच व्हायचं. राऊंड सुरू होते न होते तोच बेल. मला वाटायचं, ताईंबरोबर खेळताना वेळ कळतच नाही. सकाळी मात्र त्याच दोन मिनिटांत जीव नकोसा होतो."

हातोडी संत्रं सोलत होती. तिचा हात थांबला. टिटवी पुढे काहीतरी बोलत राहिली, पण तिला ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावरून सुटल्यावर ती सरळ व्यायामशाळेत गेली. दुपारी तिथे कुणी नसायचं, आणि एक किल्ली तिच्याकडे होती. यंत्राचा रिमोट टेबलाच्या खणात, टेपच्या गुंडाळ्यांखाली होता. यंत्रात दोन वेळापत्रकं साठवलेली होती. पहिलं: दोन मिनिटं राऊंड, एक मिनिट विश्रांती. दुसरं: एक मिनिट त्रेचाळीस सेकंद राऊंड, एक मिनिट सतरा सेकंद विश्रांती.

आकड्यांवर तिचा विश्वास बसेना. तिने दुसरं लावलं, गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि रिकाम्या रिंगसमोर उभी राहिली. एक राऊंड. दुसरी. तिसरी. तिन्ही वेळा सतरा सेकंद कमी. काढलेले सतरा सेकंद विश्रांतीला जोडलेले, म्हणजे राऊंड आणि विश्रांती मिळून बरोबर तीन मिनिटंच. आठ राऊंडची चोवीस मिनिटं, तेही बरोबर. कुणी मनगटावरचं घड्याळ लावून बघितलं असतं तरी हिशेब चुकला नसता.

चौथी राऊंड चालू असताना दादा जिना चढून आला. त्याने भिंतीवरचे लाल आकडे पाहिले, तिच्या हातातलं स्टॉपवॉच पाहिलं, आणि हातातला जेवणाचा डबा खिडकीत ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दर सोमवारी एक सेकंद." तो हळू आवाजात म्हणाला. "सतरा आठवडे. एकदम केलं असतं तर तुला कळलं असतं. तुझ्या अंगातच घड्याळ आहे."

"होतं."

"छोटी, ऐक. तुझी उमेद गेली होती. ती परत यावी म्हणून केलं. नंतर हळूहळू दोन मिनिटांवर आणणारच होतो. वेळ पुरला नाही."

तिला ते खरं वाटून घ्यायचं होतं. तिने प्रयत्नही केला. भावाने वेडेपणा केला, मायेने केला, असं म्हणून ती घरी गेली असती. पण चार दिवस तसंच पडून राहिलेलं ते वाक्य आता उठून बसलं.

"तू कुठला शब्द पाळलास?"

"काय?"

"टाके घालत होते तेव्हा आयोजक म्हणाला. तुम्ही शब्द पाळलात. कुठला?"

दादा रिंगच्या कडेला बसला. बेल वाजली. दोघंही दचकले. त्याने उठून यंत्र बंद केलं आणि परत येऊन बसला.

"टिटवीला कुणी घेत नव्हतं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी दारोदार फिरलो. पोरीत काय आहे ते तू पाहिलंयस. त्यांना डावखुरीसमोर एक नाव हवं होतं. मोठं नाव. ते म्हणाले, बहिणीला आणा, पोरीला घेतो."

"मोठं नाव आणि हरणारं."

त्याने आपला निकामी खांदा चोळला.

"मी तयार होत नव्हते, म्हणून मला तरुण केलंस."

"तसं नाही..."

"दादा, खरं सांग. मी जिंकेन असं तुला वाटलं होतं? चार महिन्यांत एकदा तरी?"

तो दोरीवरच्या निळ्या टेपचं सुटलेलं टोक नखाने चिकटवत राहिला. ते चिकटेना.

"नाही," तो म्हणाला.

ती शेजारी बसली नाही. उभीच राहिली.

"मला सरळ विचारायचंस ना. छोटी, टिटवीसाठी एक लढत कर. हरशील, पण कर. मी केली असती रे. मलाही आवडते ती पोर. आठ राऊंड नुसती पळत राहिले असते, डोकं सांभाळून, आणि घरी येऊन झोपले असते. तू विचारलंच नाहीस. मी दमलेय हे मला कळलं होतं. दीड वर्षापूर्वीच कळलं होतं, माझं मला. तेवढी एक गोष्ट माझी होती. ती तू काढून घेतलीस आणि मला नाचवलंस. घड्याळ बघ म्हणालास. मी तुझ्यावरचा विश्वास सोडून घड्याळावर ठेवला, आणि ते घड्याळ पण तूच होतास. केसाने गळा कापलास, दादा."

"चुकलो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, चार-पाच राऊंड टिकशील, मग मीच टॉवेल टाकून लढत थांबवीन. तुला फार लागणार नाही."

"मग टाकला का नाहीस?"

तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि ती जिना उतरली. टायरच्या दुकानातल्या माणसाने नेहमीसारखा हात वर केला. तिनेही केला.

टिटवीला तिने यातलं काहीच सांगितलं नाही. पोरीने पहिली लढत स्वतःच्या हिमतीवर जिंकली होती. ती लढत कशाच्या बदल्यात मिळाली हे कळलं असतं तर त्या जिंकण्याची चव गेली असती. टिटवीने फोनवर विचारलं, "ताई, बेलचं काय होतं हो ते?" ती म्हणाली, "मशीन बिघडलं होतं." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपणही कुणाच्या तरी भल्यासाठी खोटं बोललो, आणि ते किती सोपं गेलं. तो दिवस तिने फार वाईट काढला.

आईला सगळं कळलं ते दोघांच्या न बोलण्यातून. आई म्हणाली, "एकाच पोटचे आहात. किती दिवस धरून बसशील?"

"आई, मी धरून नाही बसले," ती म्हणाली. "माझ्या हाताला काही लागतच नाहीये."

ते खरं होतं. चार महिन्यांचं खोटं उघडं पडलं, पण तेवढ्यावर ते थांबेना, ते मागे मागे सरकत गेलं. सव्विसाव्या वर्षी ती विजेतेपदाची लढत जिंकली, तेव्हा सातव्या राऊंडनंतर दादा म्हणाला होता, तू पुढे आहेस, आता फक्त उभी राहा. खरंच पुढे होती का? तिसाव्या वर्षी हात दुखावला तेव्हा तो म्हणाला होता, मोडलेला नाही, नुसता मुरगळलाय. त्याच हाताने ती पुढच्या चार राऊंड खेळली. आताशा थंडीत तोच हात सगळ्यात जास्त ठणकायचा. एकेक वाक्य ती उलटून बघायची आणि कुठलंही वाक्य खरं की खोटं ठरवता यायचं नाही. आयुष्यभर तिच्या कानात एकच आवाज होता. बाकी सगळे आवाज तिने त्याच्या भरवशावर बंद केले होते.

तीन महिन्यांनी बॉक्सिंग मंडळाकडून निवृत्तीचा अर्ज आला. त्यावर प्रशिक्षकाची सही लागत होती. ती एका सकाळी, सरावाच्या वेळी मुद्दाम, व्यायामशाळेत गेली. टिटवी रिंगमध्ये होती. दादा तिच्यासमोर हातांत ठोसे झेलायचे पॅड घालून उभा होता. त्याने पॅड काढले, अर्ज खिडकीच्या उजेडात धरला, डोळ्यांपासून लांब. त्यालाही आता जवळचं दिसत नव्हतं.

"कारण म्हणून नुसतं 'वय' लिहिलंयस," तो म्हणाला.

"तेच आहे ना?"

त्याने मान हलवली आणि सही केली. अर्ज परत देताना त्याने तो लगेच सोडला नाही.

"छोटी, बाकीचं सगळं खरं होतं. ती लढत सोडून. आईशप्पथ."

"असेल," ती म्हणाली.

तिने अर्जाची घडी घातली आणि सही वाळली आहे की नाही हे न बघताच तो पिशवीत टाकला. दहा वाजता तिची लहान मुलांची तुकडी होती. आज त्यांना पहिल्यांदा खोल पाण्यात न्यायचं होतं, आणि पाणी किती खोल आहे हे त्यांना आधी सांगायचं की नंतर, याचा विचार करत ती रस्त्याने चालत राहिली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिचं ठरलं. आधीच सांगायचं.